‘आपोआप’ होतं, ते कोण करतं?

वाचकाचं पत्र

आमचं घर सहाव्या मजल्यावर आहे. तीन महिन्यांपूर्वी इमारतीची लिफ्ट चार दिवस बंद होती, त्यातच एक दिवस पाण्याचा पंप बिघडला. नेमकी तेव्हाच पत्नी कामासाठी अकरा दिवस परगावी गेलेली. घरात मी, नऊ वर्षांची मुलगी आणि रोजच्या औषधांवर असलेली माझी आई. आजवर आपोआप होतात असं वाटणाऱ्या कितीतरी गोष्टी कुणीतरी करत असतं, हे त्या दिवसांत कळलं आणि स्वतःची लाज वाटली. यापुढे कशालाच गृहीत धरायचं नाही असं ठरवलं. रोज रात्री वहीत तीन चांगल्या गोष्टी लिहायला लागलो. आठवड्याभरात ‘घर, तब्येत, कुटुंब’ एवढंच उरलं आणि वही बंद पडली. पत्नीला एकदा मनापासून ‘थँक यू’ म्हटलं, तर ती म्हणाली, ‘काय हवंय?’ आता सगळं सुरळीत आहे आणि मी पुन्हा पहिल्यासारखा. ही जाणीव टिकवायची कशी? आणि चौथ्या दिवशी रात्री साडेअकरापर्यंत थांबून ज्याने लिफ्ट सुरू केली, त्याचं तर मला नावही माहीत नाही. इतक्या दिवसांनी त्याला काही कळवावं का?
— सहावा मजला

उत्तर

नमस्कार,

लाज वाटली असं तुम्ही लिहिलंत. ती आधी बाजूला ठेवू, कारण लाजेच्या जोरावर माणूस थोडेच दिवस वेगळा वागतो. मेंदू बदल टिपतो. जे रोज तसंच असतं, त्याची नोंद घेणं तो सोडून देतो. पंख्याची घरघर काही वेळाने ऐकू येईनाशी होते आणि पंखा थांबला की चटकन कळतं, तसंच हे. फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये सुखाबद्दल हेच मांडलं: परिस्थिती सुधारली की आनंद वाढतो, पण थोड्याच काळात ती सुधारलेली परिस्थितीच नेहमीची होऊन जाते. तुम्ही पहिल्यासारखे झालात, यात तुमच्या स्वभावाचा दोष नाही.

सोयींच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. काम जितकं चोख, तितका ते करणारा नजरेआड. ज्या नळाकडे बघावंही लागत नाही, तो चांगला नळ. ज्या घरात कुणाला कसली आठवण करून द्यावी लागत नाही, ते नीट चाललेलं घर. बिघडलं की सगळे बघतात. चालू असताना बघण्याचं कारणच उरत नाही. म्हणून जाणीव टिकवण्याच्या खटाटोपात पडू नका. ती येईल आणि जाईल. हातात राहते ती माहिती: ही गोष्ट माझ्यापर्यंत कशी येते, त्यात कुणाचे हात लागतात, आणि माझ्या कुठल्या सवयीने त्या हातांचं काम वाढतं. एकदा कळलेली ही माहिती मूड गेला तरी जात नाही, आणि तिच्यावरून काय करायचं तेही कळतं.

सुरुवात तुमच्याच पत्रातल्या ‘आपोआप’ या शब्दापासून करा. पुढचे सात दिवस खिशात एक कागद ठेवा. तुम्ही हात न लावता जे जे झालं, त्याचं नुसतं क्रियापद लिहायचं. टाकी भरली. पिशवी बदलली. चादर धुतली. वहीवर सही झाली. जिन्यातला दिवा बदलला. भावना लिहायच्या नाहीत, मतही लिहायचं नाही. आठवडा संपला की प्रत्येक क्रियापदापुढे कर्ता लिहा: कुणी केलं? जिथे कर्ता माहीत नाही तिथे प्रश्नचिन्ह टाका. तुमच्या लिफ्टवाल्यापुढे आज प्रश्नचिन्ह आहे. बहुतेकांच्या यादीत घरातल्या कामांपुढे एकच नाव पुन्हा पुन्हा येतं आणि बाहेरच्या कामांपुढे नुसती प्रश्नचिन्हं असतात. दोन्हींवर उपाय वेगळे आहेत.

आधी वस्तू आणि सोयी घेऊ. आठवड्याला एकच सोय निवडा आणि वीस मिनिटं तिचा मागोवा घ्या. चार प्रश्न पुरतात. हे माझ्यापर्यंत कुठून येतं? रोज त्याला कोण हात लावतं? आधी काय बिघडतं? आणि मी काय केल्याने ते लवकर बिघडतं?

लिफ्टच घ्या. डबा सहसा अनेक पोलादी दोरांवर लटकलेला असतो आणि दोरांच्या दुसऱ्या टोकाला प्रतिभार, म्हणजे तोल साधणारं वजन, असतो. त्याचं वजन रिकाम्या डब्याच्या वजनाइतकं, अधिक कमाल भाराच्या साधारण ४० ते ५० टक्के. त्यामुळे मोटरला सगळं ओझं उचलावं लागत नाही, दोन्ही बाजूंमधला फरक तेवढा ओढावा लागतो. डब्याचा वेग मर्यादेबाहेर गेलाच, तर गव्हर्नर नावाची यंत्रणा डब्याच्या पकडी चालू करते आणि त्या बाजूच्या रुळांना घट्ट आवळून डबा थांबवतात. एलिशा ओटिस यांनी १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्वतः फळीवर उभं राहून वरचा दोर कापायला लावला आणि आपली पकड लोकांसमोर दाखवली. उंच इमारतीत राहायला लोक तयार झाले, त्यामागे हा भरवसा आहे. पण हा भरवसा टिकवतो तो देखभालीला येणारा माणूस: ब्रेकची झीज, दोरांची अवस्था, डबा मजल्याच्या पातळीला नीट थांबतो की नाही, दाराचे सेन्सर, खालच्या खड्ड्यात साठलेलं पाणी, हे सगळं तो बघतो.

चौथा प्रश्न इथे सगळ्यात उपयोगाचा. लिफ्ट बंद पडण्याची बरीच कारणं दारात सापडतात. दार पूर्ण मिटून त्याचा विद्युत संपर्क जुळल्याशिवाय लिफ्ट हलत नाही, ती तशीच बनवलेली असते. उंबऱ्याच्या खाचेत एक खडा अडकला, कुणी पायाने दार अडवून धरलं, सामानाची ट्रॉली दारावर आदळली, की दार वाकतं किंवा अडतं, संपर्क जुळत नाही आणि रात्री कुणालातरी फोन जातो. तेव्हा दार अडवायचं असेल तर आतलं बटण वापरा. आठवड्यातून एकदा लिफ्ट तुमच्या मजल्यावर थांबलेली आणि दार उघडं असताना मऊ ब्रशने खाच झाडा. कचरा फटीतून खाली ढकलू नका, सुपलीत घ्या, आणि फटीत बोट किंवा अणकुचीदार वस्तू घालू नका. एवढ्याने त्या माणसाची एखादी रात्र वाचते. मनातल्या मनात शंभर वेळा आभार मानण्यापेक्षा हे त्याच्या जास्त कामाचं.

पाण्याचं तर तुम्ही स्वतःच अनुभवलंत, फक्त आकड्यांत मांडून पाहा. १५ लिटरची बादली म्हणजे पाण्याचंच वजन १५ किलो. नव्या पद्धतीच्या टाकीचा पूर्ण फ्लश साधारण ६ लिटरचा, जुन्या टाक्यांचा ९ किंवा त्याहून जास्त. घरात तिघं, प्रत्येकी दिवसाला पाच वेळा धरलं तर ६ लिटरच्या हिशेबाने ९० लिटर. म्हणजे नुसत्या फ्लशसाठी सहा बादल्या, सहा मजले. पंप चालू असतो तेव्हा हे ओझं कुणाच्याच खांद्यावर दिसत नाही, पण इमारतीच्या टाकीपर्यंत पाणी येण्याआधीही बरीच माणसं राबलेली असतात. गढूळ पाण्यात तुरटी घातली की मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून गोळे होतात, ते तळाशी बसतात, वरचं पाणी वाळूच्या थरांतून गाळलं जातं आणि मग त्यात क्लोरीन मिसळतात. क्लोरीन थोडं जास्तच ठेवावं लागतं, कारण पाइपातून येताना ते खर्च होत जातं. घरापर्यंत पोहोचलेल्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे. कधी नळाला क्लोरीनचा हलका वास येतो आणि आपण नाक मुरडतो, पण कुणीतरी मोजून ते त्यात घातलेलं असतं.

आणखी एक जागा दाखवतो, कारण ती रोज डोळ्यांसमोर असूनही कुणाच्या लक्षात येत नाही. बेसिनच्या खाली वळलेला पाइप असतो. त्या वळणात कायम थोडं पाणी साठून राहतं आणि ते गटारातली हवा घरात येऊ देत नाही. अशा वळणाचं पेटंट अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये घेतलं. घर काही आठवडे बंद राहिलं, तर वळणातलं पाणी सुकतं आणि घरभर दुर्गंधी पसरते. लोक प्लंबरला बोलावतात, पण खरं तर प्रत्येक जाळीत एक-दोन तांबे पाणी ओतलं की काम होतं. आज वेळ असेल तर घरातली पाण्याची मुख्य चावी आणि विजेचा मुख्य स्विच कुठे आहे तेही बघून ठेवा. चावी एकदा बंद करून पुन्हा उघडा. वर्षानुवर्षं न फिरवलेली चावी गरजेच्या वेळी जाम झालेली सापडते, आणि मग जोर लावताना तुटते.

आता घर. इथे जरा जास्त थांबू, कारण ‘काय हवंय?’ हे उत्तर तुम्हाला लागलेलं दिसतं. त्यात टोमणा असेलही, पण मुख्यतः त्यात अनुभव आहे. तुमचं ‘थँक यू’ अचानक आलं, कशाबद्दल ते त्यात नव्हतं, आणि ते उच्चारल्यावर तुमच्या दोघांच्या कामात काही बदललं नाही. अशा वेळी ऐकणाऱ्याला एकच प्रश्न पडतो, आज हे का?

शिवाय घरातल्या कामाचा आपला हिशेब नेहमी चुकतो. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ मध्ये नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं होतं, यातलं कुठलं काम तुम्ही किती करता? दोघांची उत्तरं जोडली तर बहुतेक कामांत बेरीज पूर्णाच्या वर गेली. यात खोटेपणा नसतो. आपण केलेलं आपल्याला आठवतं, कारण तेव्हा आपण तिथे होतो. दुसऱ्याने केलेल्या कामाचा फक्त शेवट आपल्याला दिसतो. तेव्हा ‘मी निम्मं तरी करतोच’ असं वाटत असेल, तर तो आकडा थोडा खाली आणूनच बोला.

समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डेमिंजर यांनी २०१९ मध्ये घरातल्या न दिसणाऱ्या कामाचे चार भाग मांडले. गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि शेवटी ते नीट झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. त्यांनी मुलाखती घेतलेल्या जोडप्यांत निर्णय बहुधा दोघं मिळून घेत, पण आधी ओळखणं आणि मागाहून लक्ष ठेवणं ही दोन टोकं जास्त करून बायकोकडे असत. तुमची सात दिवसांची यादी या चार भागांवर लावून बघा. तुम्ही ‘औषधं आणली’ असं तुमच्या नावावर लिहिलं असेल. पण संपत आलीत हे कुणाच्या लक्षात आलं? चिठ्ठी कुणी काढून दिली? आणल्यावर तीच आहेत ना, हे कुणी पाहिलं? तुम्ही फक्त दुकानापर्यंत जाऊन आला असाल.

म्हणून एकच काम निवडा आणि चारही भागांसकट घ्या. आईची औषधं हेच घ्या, ती तुमची आई आहे. एका कागदावर प्रत्येक औषधाचं नाव, मिलिग्रॅम, वेळ, आणि जेवणाआधी की नंतर, हे लिहा. घरातल्या गोळ्या मोजा. दहा दिवसांच्या उरल्या की मागवायच्या, शेवटच्या दोनवर थांबायचं नाही. दुकानात नेमकी तीच नसते, मध्ये सुटी येते किंवा डॉक्टरांची चिठ्ठी जुनी झालेली असते. चार औषधं चार वेगवेगळ्या दिवशी संपत असतील तर एकदा दुकानातून कमी-जास्त गोळ्या विकत आणून सगळ्यांची संपण्याची तारीख एक करा. पाकिटावरचे मिलिग्रॅम दर वेळी वाचा, एकाच नावाची गोळी ५ आणि १० मध्ये येते आणि पाकीट सारखंच दिसतं. डोस बदलला की जुनी पाकिटं त्याच दिवशी घरातून हलवा. सात खणांचा डबा वापरत असाल तर तो आठवड्याच्या एका ठरलेल्या संध्याकाळी भरा, आणि कुठली गोळी पाकिटाबाहेर काढून ठेवायची नाही ते औषधविक्रेत्याला विचारा, कारण काही गोळ्या दमट हवेत खराब होतात. तपासण्यांच्या तारखा स्वतःच्या फोनमध्ये घाला, पत्नीच्या नाही.

यात हमखास काय चुकतं तेही सांगतो. पहिली चूक, ‘काय आणायचं ते सांग, मी आणतो.’ हे वाक्य कितीही प्रेमाने म्हटलं तरी आठवणीचं ओझं जिथल्या तिथे राहतं. दुसरी चूक, ‘मी मदत करतो’ असं म्हणणं. मदत दुसऱ्याच्या कामात करतात, त्यामुळे हा शब्दच काम कुणाचं ते ठरवून टाकतो. तिसरी, दर वेळी काम झालं की कळवणं. मग ऐकणाऱ्याला तपासनीस व्हावं लागतं. आणि चौथी तुमच्या पत्नीकडून होऊ शकते: पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तुमच्याकडून काही राहून जाईल आणि ती न राहवून स्वतः करून टाकेल. तिच्याशी आधीच बोलून ठेवा की आईच्या तब्येतीला धोका नसेल तिथे मला चुकू दे, मीच निस्तरेन. महिनाभर हे काम तिच्या डोक्यातून पूर्ण उतरलं, की तुमचं बोलणं तिला वेगळं ऐकू येईल.

आता बोलायचं कसं ते. मराठीत घरच्या माणसाचे आभार मानणं अवघड जातं, आणि त्याला कारण आहे. ‘धन्यवाद’ व्यासपीठावरचं वाटतं, ‘आभारी आहे’ म्हटलं की समोरचा म्हणतो, ‘आभार मानून परकं करतोस का?’ आणि ‘थँक यू’ दिवसभर इतकं वापरलेलं असतं की त्यात काही उरत नाही. पण आपल्याकडे दुसरी वाक्यं आहेत: ‘बरं झालं तू…’, ‘तुझ्यामुळे…’, ‘तू होतीस म्हणून…’. या सगळ्यांपुढे काहीतरी भरावंच लागतं, रिकामं सोडता येत नाही. त्यांची ताकद त्यात आहे. भरताना तीन गोष्टी घाला: तिने नेमकं काय केलं, त्यासाठी तिला काय करावं लागलं, आणि त्यामुळे काय टळलं किंवा जमलं. ‘बरं झालं तू जाण्याआधी शाळेच्या अर्जाच्या दोन प्रती काढून ठेवल्यास. निघायच्या गडबडीत तुला ते सुचलं. मला तर शेवटची तारीखच माहीत नव्हती, परवा मुलीचा प्रवेशच अडला असता.’ एवढं पुरे. हे शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी म्हणा. घाईत, फोनकडे बघत नको. त्याला जोडून कसली मागणी नको आणि ‘पण’ तर नकोच. ‘छान केलंस, पण’ म्हटलं की कानात ‘पण’च्या पुढचंच राहतं. आणि ती पुन्हा ‘काय हवंय?’ म्हणालीच, तर ‘काही नाही, लक्षात आलं म्हणून सांगितलं’ म्हणा आणि गप्प राहा. स्पष्टीकरण देत बसू नका.

वही पुन्हा उघडा, पण रोज नको. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ यांच्या २००३ मधल्या प्रसिद्ध प्रयोगात एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, फार तर पाच गोष्टी लिहिल्या होत्या. त्रासदायक गोष्टी लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांना आपलं आयुष्य बरं वाटलं. सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांच्या कामात तर आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना तसा दिसला नाही. रोज लिहिलं की तेही दात घासण्यासारखं होतं. ‘घर, तब्येत, कुटुंब’ ही तर नुसती शीर्षकं झाली. त्याऐवजी एक माणूस, एक दिवस, एक कृती लिहा. आणि महिन्यातून एकदा उलट बाजूने लिहून बघा: ही गोष्ट माझ्या आयुष्यात आलीच नसती तर? कुठे चुकामूक झाली असती, मी आज काय करत असतो? मिंक्युंग कू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं की चांगली गोष्ट कशी घडली हे आठवण्यापेक्षा ती घडलीच नसती तर, अशी कल्पना केल्याने मन जास्त उल्हसित होतं. बंद लिफ्टने तुम्हाला हेच चार दिवस करायला लावलं होतं.

प्रश्नचिन्हांच्या माणसांकडे येऊ. जो आपल्यासाठी काम करतो, त्याचा पहिला मान म्हणजे ठरलेले पैसे ठरलेल्या दिवशी. पगार, सुटी, विश्रांती यांच्या जागी गोड शब्द चालत नाहीत, आणि ज्याला ते शब्द ऐकावे लागतात त्याला हे लगेच कळतं. त्यानंतर येतं त्याचं काम सुरक्षित करणं. कचरा उचलणाऱ्याचा हात पिशवीच्या आत काय आहे ते बघू शकत नाही. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून खोक्यात घाला आणि वर ‘काच’ असं मोठ्या अक्षरांत लिहा. ब्लेड आणि सुया झाकणाच्या कडक प्लास्टिकच्या डब्यात, झाकण चिकटपट्टीने बंद करून. मोबाइलच्या किंवा खेळण्यांच्या लिथियम बॅटऱ्या साध्या कचऱ्यात टाकू नका, गाडीत दाबल्या गेल्या की त्या पेट घेतात. ओला आणि सुका वेगळा. पिशवी पाऊण भरली की तोंड बांधा. गळ्यापर्यंत भरलेली पिशवी बांधता येत नाही आणि उचलताना फाटते.

साफसफाई करणाऱ्यांसाठी एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. ब्लीच आणि आम्ल असलेलं टॉयलेट क्लीनर एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो, ब्लीच आणि अमोनियातूनही विषारी वायू येतात. तुम्ही सकाळी एक ओतून ठेवता आणि दुपारी येणारी व्यक्ती दुसरं ओतते, असंच होतं. काय ओतलंय ते सांगा, बाटल्यांवरची नावं राहू द्या, उरलेलं द्रावण दुसऱ्या बाटलीत भरू नका, खिडकी उघडी ठेवा. पहारा देणाऱ्याला बसायला धड खुर्ची आणि वापरायला स्वच्छतागृह आहे का, ते इमारतीच्या बैठकीत विचारा. पार्सल आणणाऱ्यासाठी घराचा क्रमांक अंधारातही वाचता येईल असा लावा, नकाशावरची खूण योग्य दारावर आहे का तपासा, फोन उचला. नाव विचारा आणि पुढच्या वेळी त्याच नावाने हाक मारा. फोटो काढून सगळ्यांना दाखवू नका. आपल्या चांगुलपणाचा देखावा त्या माणसाला अवघडून टाकतो.

एक इशाराही. कुणी तुमच्यावर अन्याय करत असेल, त्रास देत असेल, आणि ‘मिळतंय त्यात समाधान मान’ असं सांगत असेल, तर तिथे हे काहीही लागू नाही. बंद लिफ्टची तक्रार करायचीच, आणि दुरुस्त करणाऱ्याची कदरही करायची. दोन्ही एकाच वेळी होतं. मुलीलाही ‘थँक यू म्हण’ म्हणून ढकलू नका. तिला घेऊन लिफ्टची खाच झाडा, का झाडतोय ते सांगा.

राहिला तुमचा लिफ्टवाला. हो, कळवा, उशीर झालेला नाही. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये लोकांना कृतज्ञतेची पत्रं पाठवायला लावली, तेव्हा लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा मिळणाऱ्यांना अवघडलेपण कमी आणि आनंद जास्त झाला. तुम्ही अडखळताय तेही त्याच भीतीने. नाव शोधायला इमारतीच्या व्यवस्थापनाकडे देखभालीची नोंदवही मागा. भेटीची तारीख आणि सही सहसा त्यात असते. नसेल तर डब्यातल्या पाटीवर लिफ्टचा क्रमांक आणि देखभाल करणाऱ्या कंपनीचा फोन बघा. प्रत्यक्ष भेटून सांगाच, पण त्याच्या वरिष्ठांनाही लेखी पाठवा. तक्रारी कागदावर जातात आणि शाबासकी तोंडीच विरते, त्यामुळे नोकरीच्या फायलीत माणसाची फक्त चुकलेली बाजू साठत जाते. मात्र त्याने नियम वाकवून काही केलं असेल, पावतीशिवाय भाग बसवला असेल किंवा एकट्यानेच खड्ड्यात उतरला असेल, तर ते कौतुकाच्या भरात लिहू नका. त्याचंच नुकसान होईल. मजकूर असा चालेल:

‘लिफ्ट क्रमांक अमुक, दिनांक अमुक. चार दिवस बंद असलेली लिफ्ट आपले कर्मचारी श्री. अमुक यांनी रात्री साडेअकराला सुरू केली. त्या चार दिवसांत माझ्या आईला सहा मजले उतरणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिला दवाखान्यात नेऊ शकलो. त्यांच्या कामाची नोंद व्हावी, ही विनंती.’

दवाखान्याचं वाक्य मी कल्पनेने घातलं आहे; तिथे तुमच्या घरी त्या सकाळी खरंच जे झालं ते लिहा. खाली नाव आणि मजला घाला. आणि पुढच्या देखभालीची तारीख विचारून ठेवा, म्हणजे त्या दिवशी तुम्ही घरी असाल.